कोंबड्यांची काकवी

कोंबडीला गोड कळत नाही. गूळ ठेवा, मध ठेवा, ढेकळाकडे पाहावं तसं ती त्याच्याकडे पाहते आणि पुढे जाते. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. तरीही महायुद्धाच्या काळात कृष्णाकाठच्या एका सरकारी केंद्रावर मी कोंबड्यांना काकवी चारत होतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, पिंपंच्या पिंपं. जावई काय करतात असं कुणी विचारलं की माझे सासरे "सरकारी नोकर आहेत" एवढंच सांगून पाऊसपाण्याकडे वळत. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. लाजणारी माणसं राहिली नाहीत, त्यामुळे सगळं सांगायला हरकत नाही.

आम्ही कवठे महांकाळकडचे लिंगायत. घरात अंड्याचं नावसुद्धा काढत नसत. मॅट्रिक होऊन नोकरीसाठी अर्ज टाकला, तर खात्याने पुण्याला काही महिने शिकवून मला कोंबड्यांवर नेमलं. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "गाईम्हशींवर जागा नव्हती काय रं?" सुट्टीत घरी गेलो की अंगणातच आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मगच आत यायचं, असा तिचा नियम. मी जन्मभर अंडी हाताळली. उजेडासमोर धरून कुठल्यात पिल्लू धरलंय, कुठलं वांझ, हे क्षणात सांगू शकतो. चव मात्र विचारू नका.

केंद्र इस्लामपूरच्या पलीकडे, नदीकाठच्या उंचवट्यावर होतं. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडायचा आणि सांगलीचं संस्थान वेगळं होतं. लांबलचक कौलारू शेडं, जाळीच्या भिंती, आणि आत पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या, डोक्यावर लालभडक तुरे. गावातले लोक त्यांना "सरकारच्या मडमा" म्हणत. खेडोपाडी चांगल्या जातीचे कोंबडे द्यायचे आणि गावठी वाण सुधारायचं, हे केंद्राचं मूळ काम. लढाई लागल्यावर अंड्यांना लष्करातून मागणी आली. खोक्यात भुसा घालून त्यात अंडी रचायची, बैलगाडीने स्टेशनवर पोचवायची. तिथून ती जखमी शिपायांच्या दवाखान्यात जात.

गावात मला सगळे मास्तर म्हणत. माझ्या हाताखाली दोन गडी आणि हमीदाबी. हमीदाबी गावातलीच, चाळिशीच्या पुढची. नवरा अंड्यांचा व्यापार करायचा, तो गेल्यावर ती केंद्रावर कामाला लागली. कोंबडी आजारी पडायच्या आधी तिला कळायचं. वरचे साहेब म्हणजे दामले डॉक्टर. जनावरांचे डॉक्टर, पण कोंबड्यांवर त्यांचा खरा जीव. तालुक्याहून सायकलवर यायचे, धोतराला चाप लावलेला असायचा, आणि आल्या आल्या चहाच्या आधी शेडात शिरायचे.

अशात दाण्याचा हुकूम आला. ज्वारी, बाजरी, मका, माणसाच्या तोंडचं कुठलंही धान्य कोंबड्यांना घालायचं नाही. हुकूम चुकीचा नव्हता. आमच्या फाटकावरून बाया रिकाम्या पिशव्या घेऊन रेशनच्या रांगेला जायच्या, आणि आत कोंबड्यांपुढे ज्वारी फेकताना माझाच हात आखडायचा. पण ज्वारी बंद झाली आणि आमच्याकडे उरलं काय, तर गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा आणि बांधावरचं हिरवं गवत. महिन्याभरात कोंबड्यांचे तुरे फिके पडले. छातीचं हाड हाताला लागायला लागलं. अंड्यांच्या पाट्या रिकाम्या राहायला लागल्या.

वरून दुसरं पत्र आलं. अंडी देत नसतील तर कोंबड्या पोसायच्या कशाला, लष्कराच्या मांसाच्या ठेकेदाराला देऊन टाका.

दामले डॉक्टर त्या दिवशी शेडाच्या दाराशी उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "हे बघ, कोंबडीच्या पोटात चूल आहे असं समज. पेंड आणि सुकट म्हणजे विटा. त्यातून अंग घडतं, अंडं घडतं. दाणा म्हणजे सरपण. सरपण संपलं की ती विटाच जाळायला लागते. मग अंडं कशातून घडवणार?"

"मग दुसरं सरपण पाहायला हवं," मी म्हणालो.

डॉक्टर नदीपलीकडे पाहत होते. दिवाळी नुकतीच झाली होती आणि पलीकडच्या मळ्यांत गुऱ्हाळं लागली होती. धुराचे खांब सरळ वर चढत होते.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतात. एका वेळच्या काहिलीला आदण म्हणतात. रस नीट आटला की गूळ बसतो, त्याआधी काढला तर काकवी. पण चोपण, खारवट जमिनीतला किंवा पुरात लोळलेला ऊस असला, की कितीही आटवा, गूळ बसतच नाही. नुसता काळपट पाक राहतो. ती काकवी बाजारात कुणी घेत नाही, माणसंही खात नाहीत. जनावरांपुढे घालतात, नाहीतर ओढ्याला सोडून देतात. डॉक्टरांचा डोळा त्या काकवीवर होता. "ही पण साखरच," ते म्हणाले. "चिपाडासारखी भडकून जळते, बाभळीच्या लाकडासारखी टिकत नाही. पण चूल तर पेटती राहील."

काठाला सगळ्यांत मोठं गुऱ्हाळ आबांचं. आबा म्हणजे गावातले वजनदार शेतकरी, उंच, बोलणं मोजकं. त्या वर्षी त्यांचा बराच ऊस पुरात लोळला होता आणि न बसलेल्या आदणांची पिंपं खोपटाशी पडून होती. मी गेलो तेव्हा ते काहिलीखालच्या चुलवणात उसाची वाळलेली चिपाडं सारत होते.

"कुनासाठी म्हनला?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्यांसाठी, आबा."

"कुनाच्या कोंबड्या?"

"सरकारच्या."

आबांनी हातातलं चिपाड खाली ठेवलं. "मास्तर, त्या तिथं बघा." काहिलीपासून हातभर अंतरावर जमीन काळी पडली होती. "आमचा धाकटा, रघू. भूमिगत झालाय. गेल्या आठवड्यात पोलीस आलं त्येला हुडकाय. घावला न्हाई, म्हनून उकळती काहील पालथी केली. थोरला संभा सरकारच्याच लढाईवर गेलाय. एक पोरगा सरकारनं नेला, दुसऱ्याच्या मागं सरकार लागलंय. आन आता सरकारच्या कोंबड्यास्नी काकवी पायजे."

मी खरं तेवढं सांगितलं, की दाणा बंद झालाय आणि महिनाअखेरीला कोंबड्या कापायला जातील.

"जाऊ द्या," आबा म्हणाले.

त्यांच्या पत्नी, आक्का, मला रसाचा तांब्या द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या कोंबड्यांची अंडी कुटं जात्यात?"

"लष्कराच्या दवाखान्यात. जखमी लोकांना देतात."

आक्कांनी तांब्या माझ्या हातात दिला. मग आबांना म्हणाल्या, "आवं, आपला संभा बी कवा दवाखान्यात पडंल. त्येच्या म्होरं बी कुनाच्या तरी कोंबडीचं अंडं येईल न्हवं?"

आबा पुन्हा चिपाडं सारायला लागले. मी रस पिऊन उठलो, तेव्हा मागून म्हणाले, "मास्तर, सरकारला काकवी देनार न्हाई मी. कोंबड्यास्नी देतो. आन एक ध्येनात ठेवा. त्या कापायच्या न्हाईत. उद्या तुमचं दुकान बंद झालं तर गोरगरिबांच्या बायास्नी वाटायच्या."

एवढा शब्द देण्याची माझी पात्रता नव्हती. दुसऱ्या दिवशी दामले डॉक्टर स्वतः गुऱ्हाळावर गेले, आबांच्या शेजारी घोंगडीवर बसले आणि त्यांनी शब्द दिला. काकवीच्या बदल्यात शेडातलं खत आबांच्या उसाला जायचं ठरलं. ठेकेदाराला द्यायची कारवाई डॉक्टरांनी "प्रयोग चालू आहे" असं वर कळवून थोपवली.

प्रयोग म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी समजलं. आम्ही कोंड्यावर काकवी ओतली आणि गव्हाणी भरल्या. कोंड्याचे गोळे झाले. कोंबड्यांच्या चोचींना गोळे चिकटले, त्या ते जाळीला घासत बसल्या. काकवी पिसांना लागली. एकीचं चिकट पीस दुसरी उपटायला लागली, उपटता उपटता रक्त आलं, आणि कोंबड्यांना रक्त दिसलं की सगळ्याच तुटून पडतात. हमीदाबी आणि मी शेडात धावत होतो, जखमी कोंबड्या उचलून बाहेर काढत होतो. दुपारपर्यंत मुंगळ्यांची रांग नदीकाठापासून शेडापर्यंत लागली. गुऱ्हाळावरच्या मधमाशाही आल्या. मडमांची अशी दशा झाली की पाहवेना.

डॉक्टर संध्याकाळी आले, सगळं पाहिलं, आणि रागावण्याऐवजी गव्हाणीपाशी बसून गोळा फोडून पाहू लागले. "प्रमाण जास्त झालं, आणि पाकही घट्ट आहे," ते म्हणाले. "पातळ करून घातला तर?"

"पातळ करून ओतला तर लगदा हुईल," हमीदाबी म्हणाली. "शेवयाचं पीठ भिजिवतो तसं करून बघू या का? शिंपडायचं आन चोळायचं."

मग दोघांनी मिळून ते बसवलं. कोमट पाण्यात काकवी सैल करायची. कोंडा, पेंड आणि सुकट आधी कोरडी कालवून घ्यायची. त्यावर काकवीचं पाणी हाताने शिंपडत दोन्ही तळव्यांत चोळत जायचं. मुठीत दाबल्यावर मूठ राहावी आणि बोटाने टोचलं की सुटावी, इतपत ओल. तसं झालं की कोंबडी टिपून खाते आणि चोच कोरडी राहते. प्रमाण कमीजास्त करत डॉक्टरांनी ठरवलं. जास्त झालं की कोंबड्यांना ढाळ लागायचे, खाली अंथरलेलं तूस ओलं व्हायचं, आणि ओल्या तुसात रोग आलाच. कमी झालं की तुरे परत फिके. संक्रांतीच्या सुमाराला प्रमाण हाताला बसलं.

मला आठवतं ते तुऱ्यांचं परत लाल होणं. आधी कडेने गुलाबी, मग हळूहळू आत. पहिली अंडी बारकी, पातळ कवचाची. नदीतल्या शिंपल्यांचा चुरा वाढवल्यावर कवचंही घट्ट झाली. एका सकाळी हमीदाबी भरलेली पाटी कमरेवर घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून परत गेली. त्या दिवशी, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की आपण काहीतरी करतो आहोत.

उन्हाळ्यात नवं संकट आलं. गुऱ्हाळं होळीनंतर थांबतात, म्हणून आम्ही पिंपं भरून ठेवली होती. चैत्रातल्या उन्हाने त्यातलं एक फसफसायला लागलं. आंबूस वास थेट रस्त्यापर्यंत गेला. त्या भागात काकवीपासून चोरून दारू गाळायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी चुगली केली आणि एका सकाळी अबकारीचा जमादार दोन पोलीस घेऊन फाटकात उभा राहिला.

त्याच वेळी आवारात खत न्यायला आलेली आबांची बैलगाडी उभी होती. गाडीवानाने आदल्या काही फेऱ्यांत कधी तोंड उघडलं नव्हतं. काटकुळा, पंचविशीच्या आतला, मुंडासं भुवयांपर्यंत ओढलेलं. मी त्याला आबांचा गडी समजत होतो. पोलीस दिसताच हमीदाबीच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं आणि गाडीवान म्हणजे आबांचा रघू, हे मला त्या क्षणी कळलं.

जमादाराने पिंपाचं झाकण काढून वास घेतला. "भट्टी कुठं हाय?" त्याने मला विचारलं.

"भट्टी नाही. हे कोंबड्यांचं खाद्य आहे."

"कोंबड्या काकवी खात्यात?" तो हसला. पोलिसांपैकी एक गाडीपाशी गेला होता. "तू कुठला रं?" त्याने गाडीवानाला विचारलं.

हमीदाबी मध्ये पडली. "त्येला काय इचारता? बहिरा हाय त्यो. माझ्या नंदंचा पोरगा, इब्राहिम." आणि त्याच्या दंडाला धरून तिने त्याला कोंड्याच्या ढिगाकडे लोटलं, हाताने खूण करत, "हं, कालीव."

जमादार माझ्याकडे वळला. "कोन हाय ह्यो?"

मी सरकारचं मीठ खात होतो. खोटं बोललेलं उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती आणि तुरुंगही टळला नसता. घरी अव्वा, पाठची दोन भावंडं. हे सगळं मनात आलं खरं, पण ते नंतर. तोंडातून आधी उत्तर गेलं होतं. "केंद्रावरचा गडी आहे. मिश्रण तोच कालवतो."

"मग कालवू दे. बघू तुमच्या कोंबड्या काय खात्यात ते."

रघू खाली बसला. हमीदाबीने चांगल्या पिंपातली काकवी कोमट पाण्यात सैल करून पुढे ठेवली. त्याने शिंपडायला आणि चोळायला सुरुवात केली. गाडी भरताना त्याने आम्हाला पाहिलं असणार, कारण हात बरोबर चालत होते. तेवढ्यात तो पोलीस त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "रघू."

रघूचे हात थांबले नाहीत. मान हलली नाही. त्याने मूठ दाबली, बोटाने टोचून पाहिली, आणखी थोडं पाणी शिंपडलं. शेडातल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पोलीस थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग बाजूला झाला.

गव्हाण भरली तशा कोंबड्या तुटून पडल्या. जमादार जाळीशी वाकून पाहत राहिला. त्याच्या बुटाला काकवी लागली होती, त्यावर कोंडा बसला होता, आणि एक मडम जाळीतून मान काढून त्याचा बूट टिपायला लागली. तो पुन्हा हसला, पण या वेळी वेगळं. त्याने बोटाने काकवी चाखली, थुंकली, आणि आंबलेलं पिंप आपल्यासमोर ओढ्यात ओतायला लावून निघून गेला.

ते नजरेआड झाल्यावर रघू म्हणाला, "मास्तर, तुमची नोकरी गेली आसती."

"तू बहिरा आहेस," मी म्हणालो. "बोलू नकोस."

पुढच्या हंगामात गुऱ्हाळ ऐन भरात असताना आबांकडे तार आली. संभा इटलीत कामी आला होता. मी भेटायला गेलो तेव्हा चुलवण विझलेलं होतं. घरापुढे माणसं बसली होती, आणि रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली, साध्या कपड्यांतले दोन अनोळखी लोकही. भावाच्या दुखवट्याला रघू येईल म्हणून ते थांबले होते. हमीदाबी सकाळपासून आत आक्कांजवळ होती.

आबांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "कोंबड्या खात्यात का नीट?"

"खातात, आबा."

"आज गाडी धाडली न्हाई."

"राहू द्या हो ते."

"उद्या येईल."

मी केंद्रावर परत आलो तर शेडाच्या सावलीत रघू कोंड्यापुढे बसला होता. घरी जाता येत नव्हतं, म्हणून इथे आला होता. तो उरलेला दिवसभर कालवत राहिला. आठवडाभर पुरेल एवढा ढीग झाला. ओलं खाद्य एवढं टिकत नाही, उन्हात आंबतं, हे मला माहीत होतं. मी त्याला थांबवलं नाही. गडी येऊन विचारायला लागले, त्यांना मी दुसऱ्या कामाला पाठवलं. दिवस कलल्यावर तो उठला, हौदावर हात धुतले आणि उसात शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. कासरा आबांच्या हातात होता.

लढाई संपली. वॉरंटं उठली, रघू उजळ माथ्याने घरी आला आणि गुऱ्हाळ सांभाळायला लागला. लष्कराची मागणी थांबली तसा केंद्र बंद करायचा हुकूम आला. ठेकेदार परत घिरट्या घालायला लागला होता. दामले डॉक्टरांनी कुणाकुणाच्या कचेऱ्या झिजवल्या ते मला पुरतं कधी कळलं नाही, पण आबांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. कोंबड्या जवळपासच्या गावांतल्या बायकांना वाटायची परवानगी आली. हमीदाबीने सगळ्यांआधी निवडल्या. तिने निवडलेल्या सगळ्या वयस्क, अंडी कमी देणाऱ्या. मी विचारलं तर म्हणाली, "चांगल्या लोकं घेत्यात मास्तर. ह्यांस्नी कोन घेनार?" केंद्र बंद झाल्यावर ती आपल्या परसात त्यांना घेऊन राहिली. मी बदलीवर गेलो. पुन्हा त्या गावाला जायचं जायचं म्हणता राहूनच गेलं, आणि तिच्या जाण्याची बातमी मला दुसऱ्याच कुणाकडून, फार उशिरा कळली. अजून रुखरुख वाटते.

पण निघायच्या आधी एक काम उरलं होतं. उबवणीतली शेवटची पिल्लं निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ही माण तालुक्यात दे. दहिवडीकडच्या वाड्यावस्त्यांवर गडीमाणसं मुंबईला, बाया शेरडं राखून दिवस काढतात, त्यांना जोड होईल. नुकतं निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काही न खाता राहू शकतं, त्यामुळे प्रवास जमण्यासारखा होता. मी वेताच्या टोपल्यांत तूस घालून पिल्लं ठेवली आणि कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत चढलो.

मोटार वाटेत दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी तर भर उन्हात, आडोशाला झाड नाही, असं बसून राहावं लागलं. वस्तीवर पोचलो तेव्हा दुसरा दिवसही कलला होता. टोपली उघडली तर चिवचिव जवळजवळ थांबलेली. पिल्लं माना टाकून, पंख पसरून पडली होती. काही हाताला गार लागत होती.

ज्या घरी उतरलो त्या बाईचं नाव सोनाबाई. नवरा गिरणीत, घरात ती आणि सासू. माणातला तो कोरडा वैशाख, पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं. तरीही मी ओसरीवर बसताच तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि त्यासोबत वाटीत गुळाचा खडा. पाहुण्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ही तिकडची रीत. आतून सासू म्हणाली, "त्येवढाच हाय गं."

मी टोपलीकडे पाहत होतो. वाटीकडे माझी नजर गेली असेल, सांगता येत नाही. मागायची मात्र हिंमत नव्हती.

सोनाबाई टोपलीपाशी वाकली. "मरत्यात का काय?"

"उन्हाने दमलीत. भुकेलीत," मी म्हणालो.

"मग ह्यांस्नी काय द्यायचं?"

"थोडं गुळाचं पाणी मिळालं तर..."

तिने वाटीतला खडा उचलला. दाराआड उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं. सोनाबाईने खडा वाटीत पाण्याबरोबर विरघळवला आणि मला म्हणाली, "तुमी पाव्हनं हाय. पर ही बी पाव्हनीच की. तुमाला चालंल न्हवं नुसतं पानी?"

"चालेल," मी म्हणालो.

एकेक पिल्लू हातात घ्यायचं आणि चोचीचं टोक पाण्यात बुडवायचं. ते मान वर करून एक थेंब गिळतं. पुन्हा बुडवायचं. ती एका टोपलीशी, मी दुसऱ्या टोपलीशी. थोड्या वेळाने सासूही येऊन बसली आणि तिने न विचारता पिल्लू उचललं. काही पिल्लं हातातच गेली. ती आम्ही बाजूला ठेवली. बाकीची हळूहळू पायांवर उभी राहिली, अडखळली, परत उभी राहिली. दिवे लागायच्या आधी टोपल्यांतून चिवचिव सुरू झाली, आणि ती एवढी वाढली की शेजारच्या बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या.

सोनाबाई हात पुसत म्हणाली, "मास्तर, आता ह्यांस्नी रोज गूळ लागंल का?"

"नाही," मी म्हणालो. "आजच्यापुरताच. उद्यापासून तुमच्या घरात जे असेल तेच."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "मग ऱ्हातील," ती म्हणाली, आणि टोपली उचलून आत घेऊन गेली. मी तांब्यातलं नुसतं पाणी प्यालो.